हौदापासून अकरा पावलं

आमच्या प्लातानाकी गावात माणसं एकोणचाळीस आणि हद्दीचे वाद त्रेचाळीस. ही मोजदाद माझी नाही, सरपंच पांताझिसची आहे, आणि त्यातल्या चार वादांत तो स्वतःच आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमचे लोक खालच्या शहरातल्या कोर्टाची पायरी इतक्यांदा चढले की ती मधोमध झिजली आहे. मी गारिफालिया, गावातलं एकुलतं एक कॉफीघर चालवते, त्यामुळे त्रेचाळीसच्या त्रेचाळीस वाद मला दोन्ही बाजूंनी पाठ आहेत. त्यातला एक माझा.

एप्रिलात, ईस्टर आठवड्यावर आलेला असताना, दानाई नावाची एक मुलगी लाल गाडीतून तीन पेट्या घेऊन वर आली आणि माझ्या कॉफीघरावरच्या खोलीत उतरली. अंगाने काडी, बोलायला गोड, सगळ्यांना पहिल्या दिवसापासून मामा-मावशी म्हणणारी. ती आली तेव्हा पुरुषमंडळी नेहमीसारखी कॉफी समोर घेऊन बसली होती. तिने पेटी उघडली आणि आतून एक काळं, जाड, पट्टे असलेलं यंत्र काढलं. ते डोळ्यांवर बांधायचं होतं. थेट खेचराला बांधतात ती झापडं. तेव्हापासून गावात त्याचं नाव झापडंच पडलं.

"मावशी, मी पर्यटनावर संशोधन करते," ती म्हणाली. "परदेशातल्या माणसाने घरी बसून, हे डोळ्यांना लावून, तुमचं गाव पाहिलं, गल्लीबोळांतून हिंडून घेतलं, तर त्याला खरंच इथे यावंसं वाटेल? की घरबसल्या पाहून झालं म्हणून तो येणारच नाही? हे शोधायचंय."

"आणि याचा पगार देतात?"

"विद्यापीठ देतं. थोडासा."

"ते दिसतंय तुझ्या मनगटांवरून," मी म्हटलं आणि तिच्यापुढे अंड्यांची ताटली ठेवली.

अठ्ठ्याऐंशी वर्षांचा थ्रासिवूलोस काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "एका जागी बसून गाव बघायचं? मी जन्मभर तेच करतोय पोरी. मला आजवर कोणी छदाम दिला नाही."

दानाईला दाखवायचं होतं ते आजचं गाव नव्हे. आजचं गाव म्हणजे अर्धी घरं कुलपात आणि उरलेली थ्रासिवूलोससारख्यांची. तिला साठ वर्षांपूर्वीचं गाव हवं होतं, डांबरी रस्ता यायच्या आधीचं. चारशे माणसं, दोन तेलघाण्या, भरलेली शाळा. तिच्याकडे कुणाकुणाच्या ट्रंकेतले फोटो होते आणि विमानातून काढलेला एक जुना फोटो होता. पण त्यात वरून नुसती झाडांची डोकी दिसत होती, खालच्या भिंती कुठे आहेत ते कळत नव्हतं. म्हणून बिचारीने ठरवलं की म्हाताऱ्या माणसांना विचारायचं.

तिथे ती चुकली. आमच्याकडे बाईला वय विचारलेलं चालतं, पाद्र्याला उपासात काय खाल्लं ते विचारलेलं चालतं, पण "तुमच्या जमिनीची भिंत नेमकी कुठे होती हो?" असं वही उघडून कोणी कोणाला विचारत नाही. त्यातून वर्ष असं नामी, की त्याच वसंतात सरकारी मोजणी येऊन गेली होती. गावाचा कच्चा नकाशा सरपंचाच्या कचेरीत लागला होता आणि हरकती घ्यायला सप्टेंबर अखेरपर्यंत मुदत होती. दानाई आठवणी विचारत होती. गाव साक्ष देत होतं. ज्यांना काल काय खाल्लं ते सांगता येत नाही, त्यांना साठ वर्षांपूर्वीचा एकेक दगड आठवायला लागला. सरपंच तर तिला म्हणाला, "लिही, लिही. त्या यंत्रात नीट जाऊ दे. यंत्र खोटं बोलत नाही."

आता माझा वाद सांगते. तो ऐकला की बाकीचं समजायला सोपं जाईल.

मी आणि माझी थोरली बहीण एवांथिया. आमच्या वडिलांनी घरामागची जमीन दोघींत वाटली. आमच्या समोर त्यांनी पावलं टाकली होती: हौदापासून नऊ पावलांवर दगडी भिंत, आणि भिंतीपलीकडे, दहाव्या पावलावर, तुतीचं झाड. हौदाची बाजू माझी, तुतीची एवांथियाची. पुढे भूकंपात भिंत पडली, तिचे दगड रस्त्याच्या भरावाला गेले आणि कोणी परत बांधली नाही. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा एवांथिया नवऱ्याबरोबर परदेशात होती. तीन वर्षं त्यांचं सगळं मी केलं. ती आली ती ते गेल्यावर, चाळीसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला, चर्चमधून घरी परतल्यावर काळे कपडेसुद्धा न बदलता मागे गेली, चादर पसरली आणि तुती झोडून खाली पाडायला लागली. जाम करायचा होता म्हणे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओरडले, "हात लावू नकोस! झाड माझ्या हद्दीत आहे. भिंत अकरा पावलांवर होती."

ती चादर उचलून गेली. त्यानंतर बावीस वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तिचा नवरा गेला तेव्हा मी चर्चमध्ये मागच्या रांगेत उभी राहिले आणि तसंच घरी आले. आणि अकरा पावलं हे मी इतक्यांदा, इतक्या मोठ्याने, इतक्या लोकांना सांगितलं होतं की मला स्वतःलाच ते हळूहळू खरं वाटायला लागलं होतं. सरकारी मोजणीवाल्याने तर कमालच केली. दोघींच्या कटकटीला कंटाळून त्याने रेघ सरळ झाडाच्या बुंध्यातून ओढली. अर्धी तुती तिची, अर्धी माझी. मला ती अख्खी हवी होती, आणि मरायच्या आत कागदावर हवी होती. हरकतीचा अर्ज भरून तयार होता. पुरावा तेवढा नव्हता.

म्हणून दानाई वही घेऊन माझ्यासमोर बसली तेव्हा मी तिला गरम पाव वाढला आणि डोळ्यांची पापणी न हलवता सांगितलं, "हौदापासून अकरा पावलं. तुती माझ्या बाजूला." तिने लिहून घेतलं आणि "किती स्पष्ट आठवतंय तुम्हाला!" म्हणाली. मी लाजले, पण कौतुकाने लाजले असं तिला वाटलं असावं.

ऑगस्टपर्यंत तिने गाव उभं केलं. बंद पडलेल्या शाळेतले बाक बाजूला सारून तिने वर्ग मोकळा केला. परदेशी पाहुण्यांना दाखवायच्या आधी गावातल्याच माणसांवर प्रयोग करायचा असं तिचं ठरलं होतं. झापडं बांधून माणसाने मनाला येईल तिकडे हिंडायचं, कंटाळा आला की काढायची, मग ती एक ते सात आकड्यांत उत्तर द्यायचे प्रश्न विचारणार. एक म्हणजे मुळीच नाही, सात म्हणजे अगदी खरं.

पहिला गेला थ्रासिवूलोस. मी खिडकीतून बघत होते. म्हातारा काठी आपटत, रिकाम्या वर्गात वाकून वाकून जमीन तपासत, मधूनच "अरे लबाडा, इथे होतास काय तू!" असं फळ्याला उद्देशून ओरडत पाऊण तास फिरला. दानाईने शेवटी हाताला धरून बसवला.

"मामा, आपण खरंच तिथे आहोत असं किती वाटलं?"

"माझ्या शेतात सात."

"आणि बाकी गावात?"

"शेजाऱ्याचं म्हणून जे शेत दाखवलंयस तिथे एक. कारण तेही माझंच आहे."

मग रांग लागली. माणसं अंघोळ करून, केस विंचरून येऊ लागली. दुसऱ्या गावांत म्हणे लोक सहा-सात मिनिटांत चक्कर येते म्हणून झापडं काढून टाकतात. आमच्याकडे सरासरी पन्नास मिनिटं. सरपंचाला तर भिंतीवर आपटून कपाळाला टेंगूळ आलं, तरी काढेना. दानाईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तिने आपल्या प्राध्यापकांना लिहिलं की एवढं गुंगून जाणं आजवर कोणी कुठे नोंदवलेलं नाही. प्राध्यापकांनी उलट लिहिलं की आकडे पुन्हा तपास.

संध्याकाळी तिच्या दाराशी भेटी येऊन पडायच्या. चीजचा गोळा, तेलाचा डबा, सोललेला ससा. "किती प्रेमळ माणसं आहेत मावशी!" ती मला म्हणाली. "आणि बोलताबोलता छोट्या छोट्या दुरुस्त्या पण सुचवतात. थ्रासिवूलोसमामा म्हणाले, अंजिराचं झाड दोन हात पलीकडे होतं."

"आणि तू काय केलंस?"

"सरकवलं."

ससा मीच शिजवला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी दुपारी, कॉफीघर रिकामं असताना, ती लॅपटॉप घेऊन खाली आली. चेहरा उतरलेला. माझ्यासमोर तिने एक चित्र उघडलं. गावाचा नकाशा, आणि त्यावर प्रत्येक माणूस झापडं लावून कुठे कुठे फिरला त्याची लाल रेघ.

"बघा ना मावशी. चौक मी दोन महिने खपून केला. फरसबंदी, झरा, संध्याकाळचं ऊन. मधमाश्या घातल्या हो, आवाजासकट! एक माणूस तिकडे गेला नाही. चर्चची घंटा वाजते, तर पाद्री पापा सोफ्रोनिससुद्धा चर्चकडे फिरकले नाहीत."

"पाद्री मग गेले कुठे?"

"चर्चच्या ऑलिव्हच्या मळ्याला तीन फेऱ्या मारल्या. कडेकडेने." तिने लाल रेघांवरून बोट फिरवलं. "सगळे कडेकडेनेच फिरलेत. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. प्रत्येकाने सांगितलेल्या भिंती मी जोडायला गेले, तर गाव बसतच नाही. सगळ्यांच्या जमिनी मिळून डोंगराहून तीन एकर जास्त होतात. मला वाटलं माझंच चुकतंय, म्हणून मी डोंगर जरा ताणला."

"डोंगर ताणलास?"

"थोडासा. उत्तरेकडून."

मला इतकं हसू आलं की काउंटरला धरून उभी राहिले. मग तिची दया आली आणि मी तिला सगळं सांगितलं: मोजणी, हरकती, मुदत, अंजीर आणि ससा. ती ऐकता ऐकता पांढरी पडत गेली.

"म्हणजे सगळे खोटं बोलले?"

"खोटं कशाला म्हणतेस? प्रत्येकाने आपापल्या बाजूने थोडं जास्त आठवलं."

"माझं वर्ष गेलं मावशी. प्राध्यापक म्हणतात, एक तरी पक्की भिंत दाखव, तिच्यावरून बाकीचं गाव मोजता येईल. दोन्ही शेजारी एकच जागा सांगतात अशी एकच भिंत हवी होती." ती डोळे पुसून जरा ताठ बसली. "तशी एक आहे म्हणा. नशीब माझं. अख्ख्या गावात एकच भिंत दोन्ही बाजूंनी तंतोतंत जुळते. तुमची आणि एवांथियामावशींची."

चुलीवरची कॉफी उतू गेली. मी बघत राहिले.

"काय जुळते?"

"अकरा पावलं. त्यांनीही तेच सांगितलं. मला वाटलं तुम्ही दोघींनी बसून, बोलून आठवलं असणार."

"आम्ही बावीस वर्षं बोललो नाही."

दानाई खुर्चीतून उठलीच. "मग तर सोन्याहून पिवळं! दोन साक्षीदार, एकमेकींचं तोंड बघत नाहीत, आणि तरी आकडा एकच. याहून चांगला पुरावा असूच शकत नाही. मी सगळं गाव आता त्याच भिंतीवरून मोजणार."

मी फडका घेऊन चूल पुसत बसले, चटका लागला तरी पुसत बसले. नऊ पावलं होती हे जगात तीन माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं एक गेलं होतं.

"ती नेमकं काय म्हणाली?" मी विचारलं.

"ते नाही सांगता येत. जबानी गुप्त ठेवायची म्हणून सही घेतलीय त्यांची. पण भिंत तर समोरच आहे. तुम्ही अजून एकदाही आला नाहीत बघायला."

आले नव्हते खरी. आम्ही काय खेचरं आहोत काय, असं मी चारचौघांत म्हणत होते. त्या दुपारी गेले. दानाईने पट्टे आवळले, माझा अंबाडा मागे अडकला, ती "सॉरी" म्हणाली, आणि मी एकदम उन्हात उभी होते.

चौकातून आमच्या जुन्या घरामागे जायला एकच वाट आहे, आणि ती एवांथियाच्या दारावरून जाते. आता मी तिकडून जातच नाही. वरच्या अंगाने, दगडांतून, गुडघे मोडत मागच्या परड्यात उतरते. पण दानाईने ती वरची पायवाट केलीच नव्हती. तेव्हा मला त्या दारावरूनच जावं लागलं. दार निळं होतं, उघडं होतं. आत कोणी नव्हतं. माणसं तिने केली नव्हती. तरी मी तिथून भरभर गेले, वर्गात माझा पाय खुर्चीला लागला तेवढी भरभर.

हौद आला. मी त्याच्या काठाला पाठ लावून मोजायला लागले. सात, आठ, नऊ. नवव्या पावलाला समोर काही नव्हतं, नुसतं गवत. दहाव्याला तुती. अकराव्याला भिंत. वडिलांची भिंत, सपाट दगडांची, वर काटेरी फांद्या लावलेली. तुती माझ्या बाजूला उभी होती, आणि ती तिथे उभी असलेली मी माझ्या उभ्या जन्मात पहिल्यांदाच बघत होते, कारण ती तिथे कधी नव्हतीच.

मी जिंकले होते. माझ्या एप्रनच्या खिशात हरकतीचा अर्ज होता. दानाईने या चित्राचा एक कागद काढून दिला असता, बहिणीच्या स्वतःच्या तोंडची साक्ष म्हणून, तर कुठल्याही कोर्टाने झाड मला दिलं असतं. आणि मला लाज वाटली. लहानपणी साखरेच्या डब्यात हात सापडला की वाटते तशी, साधी, कानशिलं तापवणारी लाज. त्याच्या पाठोपाठ रागही आला. मी बावीस वर्षं खोटं बोलून जे ओढत होते, ते तिने एका परक्या पोरीसमोर, मला न सांगता, सोडून दिलं होतं. म्हणजे आता मोठेपणासुद्धा तिचाच!

मी झापडं काढली. डोळे ओले झाले होते. दानाईने मला पाणी दिलं आणि वही पुढे ओढली. तिची प्रश्नांची यादी ठरलेली असते.

"चक्कर आली?"

"नाही."

"शेवटचा प्रश्न, मावशी. जे पाहिलंत ते पाहिल्यावर, त्या ठिकाणी प्रत्यक्ष जावंसं वाटतं का? एक ते सात."

मी उठले आणि गेले. ती मागून "आकडा? मावशी, आकडा?" म्हणत दारापर्यंत आली.

एवांथियाचं दार आता निळं राहिलेलं नाही, तपकिरी आहे, आणि ते शाळेपासून दोनशे पावलांवर आहे. ती बाहेर ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. मला बघून तिचे हात थांबले नाहीत, फक्त एक शेंग सालीसकट टोपलीत पडली. तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते. ते मी रोज लांबून बघत होते, पण इतक्या जवळून बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

आमच्याकडे घरी कोणी परकं आलं तर आधी चमचाभर मुरंबा आणि गार पाणी देतात. तिने मला मुरंबा दिला नाही. पायाने एक स्टूल माझ्याकडे ढकललं आणि शेंगांची टोपली दोघींच्या मध्ये सरकवली. मी बसले. शेंगा सोलायला लागले.

"नऊ पावलं होती," मी म्हटलं.

"अकरा," ती म्हणाली.

"वांथी, नऊ. बाबांनी आपल्या समोर मोजली होती. तुती दहाव्यावर होती."

"तुला आठवत नसेल. अकरा होती."

"तू त्या पोरीला खोटं का सांगितलंस?"

"तू का सांगितलंस?"

मी दोन शेंगा सोलल्या. तिने टोपलीतली सालीसकट पडलेली शेंग शोधून काढली आणि बोटांत फिरवत बसली.

"सांगू?" ती म्हणाली. "अख्खं गाव त्या शाळेत जाऊन आपापलं शेत बघत होतं. म्हटलं, झाड तिच्या बाजूला दिसलं तर फालियासुद्धा बघायला जाईल. आणि त्या पोरीने मला नकाशा दाखवला होता. वरच्या पायवाटेचं तिने मला विचारलं, तेव्हा मी सांगितलं, तिथे वाट नव्हतीच कधी."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या दारावरून जावं लागेल ना तुला. खोटं दार का असेना."

रडू आलं तर ती बघेल म्हणून मी खाली मान घालून सोलत राहिले. आणि ती बघतच होती.

"बाबांच्या वेळी मी नव्हते," ती म्हणाली. "तीन वर्षं तू केलंस. मी आले आणि तुती पाडायला लागले. मला काय करावं ते सुचत नव्हतं ग. रडायला आलं असतं, म्हणून काहीतरी करायला लागले. ते झाड तुझंच आहे. घे आता, आणि गप बस."

"मला नको."

"का नको?"

"कारण ते तुझं आहे! मी उद्या त्या पोरीला सांगणार, भिंत नऊवर होती."

"सांग की. तिने अख्खं गाव त्या भिंतीवर उभं केलंय. ती हलवलीस तर चर्च जाऊन पडेल दरीत."

"पडू दे. पाद्री तरी कुठे जातात तिकडे! मी सरकारी कचेरीतही लिहून देणार. झाड पूर्ण एवांथियाचं."

"मग मी हरकत घेणार."

"घेऊन बघ!"

"घेणारच! पाच वर्षांची होतीस तेव्हापासून अशीच आहेस. दिलेलं घ्यायचं नाही, न दिलेलं हिसकावायचं!"

"आणि तू? तुला मोठेपणा मिरवायला मीच सापडते! नऊ!"

"अकरा!"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दोघी उभ्या राहिलो होतो, टोपली लवंडली होती, शेंगा ओट्यावरून वाटेवर गेल्या होत्या. आमचा आवाज बावीस वर्षांपूर्वी होता तेवढाच मोठा निघाला. मला वाटलं होतं वयाने कमी झाला असेल. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि थ्रासिवूलोसने डोकं बाहेर काढलं.

"काय झालं आता?"

"बघा ना हिला!" एवांथिया ओरडली. "बावीस वर्षं झाडासाठी जीव टाकत होती, आता देतेय तर घेत नाही!"

"तिचंच आहे ते!" मी ओरडले. "भिंत नऊ पावलांवर होती!"

म्हाताऱ्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वाटेवर सांडलेल्या शेंगांकडे. घसा खाकरून तो म्हणाला, "कोणालाच नको असेल, तर तसं बघायला गेलं तर माझी हद्द तिथून काही फार लांब नाही."

"खिडकी लाव!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.